हरकत

रस्त्यावर आडव्या पडलेल्या दोन काळ्या रबरी नळ्या तिला खिडकीतून दिसल्या तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि तिच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खिडकीच्या कट्ट्यावर इतक्या घाईनं टेकवला की अर्धा चहा बशीत आला. नळ्यांची टोकं दिव्याच्या खांबाला साखळीनं जखडलेल्या एका करड्या पेटीत शिरली होती आणि पेटीपाशी पालिकेचा एक माणूस उकिडवा बसून कागदावर काहीतरी लिहीत होता. उतारावरून एक गाडी आली, नळ्यांवरून धडधडत गेली, आणि पेटीनं ती मोजली. पेटीनं मोजली, हे तिनं मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. सहा वर्षं ती एकटीच मोजत आली होती. सहा वर्षं आणि एक्केचाळीस पत्रं. "अहो, आले," ती म्हणाली, "मोजायला आले," आणि नवऱ्यानं पेपरातून डोकं वर काढायच्या आत सापडतील त्या चपला पायात सरकवून ती दोन जिने उतरलीसुद्धा. उतरता उतरता तिनं मनातल्या मनात पालिकेला सगळं माफ करून टाकलं. उत्तर न आलेले महिने माफ केले, उत्तर आलेले महिने माफ केले, आणि तीन वर्षांपूर्वी नेमकी शाळेच्या सुट्टीत केलेली ती दोन तासांची पाहणीसुद्धा माफ केली.

नळ्या किती दिवस ठेवणार, असं तिनं विचारलं. सात, तो माणूस म्हणाला. मग जरा लाजतच तिनं विचारलं, की हे आपल्या कोणत्या पत्रावरून निघालं, कारण शेवटची दोन पाठोपाठ गेली होती. माणसानं कागद उलटला आणि ओळीवरून बोट फिरवलं.

"तक्रार समोरच्या दवाखान्याच्या बाईंची आहे. त्या फिजिओथेरपीवाल्या. तुमची पण होती का?"

"हो," ती म्हणाली. "म्हणजे, हरकत नाही."

जिना चढताना तिला कळलं की दोन पायांत दोन वेगळ्या चपला आहेत. वर नवरा पेपर घडी करून बसला होता. तिनं सांगितलं तसं तो "अच्छा" म्हणाला. पण तो "अच्छा" अर्धा क्षण आधी आला. एखाद्याला उत्तर आधीच ठाऊक असलं की येतो तसा. आयुष्यभर प्रुफं तपासलेल्या माणसाला असा अर्धा क्षण दिसतोच. पानावरची जागा किंचित जास्त सुटलेली दिसावी तसा तो तिला दिसला, आणि मग दिवसभर डोळ्यांपुढून हलेना.

समोरची राहायला येऊन आठ महिने झाले होते. नाव सगळ्यांना ठाऊक होतं, पण ही तिला समोरचीच म्हणायची. तिशीची, आखूड केसांची, मोठ्यानं हसणारी. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत तिनं दवाखाना मांडला होता आणि पहिल्याच आठवड्यात ती वर येऊन म्हणाली होती, "काकू, काकांचा गुडघा मला द्या, चार महिन्यांत जिना धावत चढतील." मला द्या! जशी काही ही तो गुडघा सहा वर्षं कपाटात कुलूप लावून ठेवून बसली होती. तेव्हापासून नवरा आठवड्यातून तीनदा समोर जायचा. परत यायचा तेव्हा अंगाला मलमाचा थंड, झोंबरा वास असायचा आणि तो काहीतरी गुणगुणत असायचा. गुडघा खरंच सुधारत होता. काठी आता तो आधारापेक्षा सवयीनं धरायचा. याचा तिला आनंद होता. आनंद होता, असं ती स्वतःला नीट उच्चार करून सांगायची, आणि तरी तो उंबरा ओलांडून आत आला की पहिल्यांदा तिच्या नाकाला तो वास जाणवायचा आणि आनंद तिथंच थांबायचा. वय वर्षं अठ्ठावन्न. या वयात असलं काही होणं हास्यास्पद आहे हेही तिला कळत होतं. तसला संशय नव्हताच तो. तो तिकडे जाऊन बोलतो, एवढंच होतं. उघड्या खिडकीतून त्याचा आवाज रस्ता ओलांडून इकडे यायचा. शब्द कळायचे नाहीत, पण लांबी कळायची. लांबच लांब वाक्यं. घरात त्याची वाक्यं तीन शब्दांची असत.

सहा वर्षांपूर्वी नवऱ्याला अपघात झाला त्या दिवशी ती स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता, तिला काहीसुद्धा ऐकू आलं नव्हतं. सकाळी दहाच्या सुमाराला तो बाहेर पडला आणि वळणापाशी एका मालवाहू गाडीनं त्याला उडवलं. गाडीवाल्यानंच उचलून इस्पितळात नेलं. ती पोचली तेव्हा तो शस्त्रक्रियेच्या खोलीत होता. तिथल्या वऱ्हांड्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, पिशवीत होत्या त्या प्रुफांच्या पाठकोऱ्या बाजूवर तिनं पहिलं पत्र लिहिलं. 'भरधाव वेगाने जाणाऱ्या वाहनाने माझे पती गंभीर जखमी झाले असून' हे तिचं पहिलं वाक्य. त्यानंतर ते प्रत्येक पत्रात आलं, एकदाही न बदलता. कारण ते निर्दोष होतं. पुढची पत्रं लांब होत गेली. तिनं नियमांची पुस्तकं आणली, कलमं शोधली. खिडकीत बसून दोन खांबांमधलं अंतर धरून ती सेकंद मोजायची. साठ मीटर. तीसच्या मर्यादेत येणाऱ्या गाडीला सात सेकंद तरी लागायलाच हवेत. एक, दोन, तीन, चार, गेली. एक, दोन, तीन, चार, पाच, गेली. रोज अर्धा तास, वहीत रेघा. खुर्ची, वही, घड्याळ आणि उतारावरून येणारा तो वाढत जाणारा घरघराट. आधी काचेत सूक्ष्म थरथर व्हायची, मग आवाज यायचा, मग गाडी. त्या अर्ध्या तासात तिला कुणी हाक मारलेली खपायची नाही. पालिकेची उत्तरं यायची, 'आपल्या पत्रातील मजकुराची नोंद घेण्यात आली आहे', 'सदर रस्ता निकषांत बसत नसल्याने', आणि त्यांतल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका ती सवयीनं दुरुस्त करून मगच ती फायलीला लावायची. नवरा म्हणायचा, जाऊ दे ना आता. त्याचं ते जाऊ दे तिला थकव्याचं वाटायचं. तुमच्यासाठीच तर करतेय, असं ती म्हणायची नाही, पण तिच्या पाठीच्या ताठ कण्यातून ते त्याला ऐकू जात असणार.

नळ्या सातव्या दिवशी निघाल्या आणि आठव्या दिवशी ती पालिकेच्या वाहतूक शाखेत गेली. तिथला अभियंता चाळिशीचा, सौम्य, सतत चष्मा पुसणारा गृहस्थ होता. तो तिला ओळखत होता. इतका ओळखत होता की न विचारता त्यानं तिची फाइल कपाटातून काढून टेबलावर ठेवली, पाहुण्यापुढे पाणी ठेवावं तशी. फायलीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं, 'नेहमीच्या बाई'. त्यानं ते हातानं झाकलं, पण उशिरा. मग त्यानं समजावून सांगितलं, आणि त्याच्या समजावण्यात खोट काढायला जागा नव्हती. एकाचं पत्र आलं की ते नोंदवायचं, फार तर दोन तास बघून यायचं. दहाच्या वर सह्या असल्या की दिवसभराची पाहणी करायची. आणि जखमी माणसाचं स्वतःचं निवेदन जोडलेलं असलं तर सात दिवसांची मोजणी लावावीच लागते. मोजणीत शंभरातल्या पंच्याऐंशी गाड्या ज्या वेगाच्या आत येतात तो वेग बघायचा. तुमच्या रस्त्यावर मर्यादा तीस, आणि आला सत्तेचाळीस. "तुम्ही बरोबरच म्हणत होता, मॅडम," तो म्हणाला. "पण तुमच्या पत्रांत सगळं होतं, फक्त माणसं नव्हती."

समोरचीच्या पत्राला अकरा सह्या होत्या. वरच्या मजल्यावरचे शिंपी, कोपऱ्यावरचा चावीवाला, पाळणाघराची बाई. सहा वर्षांत यांपैकी कुणाकडे सही मागायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांना वाचायला दिलं असतं तर ते मजकुरात काहीतरी सुचवायला लागले असते. पत्र अर्ध्या पानाचं होतं. 'परिस्थिती'तली शेवटची वेलांटी ऱ्हस्व काढली होती, एका वाक्याला पूर्णविराम नव्हता. हे आधी बघून घेऊन, जरा धीर आल्यावर, तिनं जोडलेलं निवेदन वाचलं. अक्षर समोरचीचं, खाली सही नवऱ्याची. लिहिलं होतं, की पडल्यावर आधी दुखलंच नाही. आधी आभाळ दिसलं. आपल्या गल्लीवर एवढं मोठं आभाळ आहे हे इतक्या वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. मग लाज वाटली, कारण एक बूट निघून गेला होता आणि मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, आणि लोक जमत होते. अजूनही जोरात गाडी गेली की त्या अंगठ्याला गार वारा लागल्यासारखं होतं. तिनं ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं नीट लागेनात. मोज्याला भोक होतं. सहा वर्षं ती त्या माणसाच्या शेजारी झोपली होती. त्याला अंघोळ घातली होती, पायाखाली उशा दिल्या होत्या, टाक्यांवरच्या पट्ट्या बदलल्या होत्या, आणि त्याला आभाळ दिसलं होतं हे तिला पालिकेच्या कचेरीत, दुसऱ्या बाईच्या अक्षरात वाचायला मिळत होतं. अभियंत्यानं पाणी पुढे केलं. ती म्हणाली, छान लिहिलंय. मग म्हणाली, एक पूर्णविराम राहिलाय.

घरी येऊन तिनं त्याला विचारायला हवं होतं. विचारलं नाही. त्याऐवजी ती बघू लागली. तो समोर जाताना सदरा बदलतो का, ते बघितलं. बदलत नव्हता, तर त्याचाही राग आला. म्हणजे तिच्यापुढे तो घरच्यासारखा जातो. एका संध्याकाळी समोरची पेढे वाटायला आल्यासारखा आनंद चेहऱ्यावर घेऊन वर आली आणि म्हणाली, "काकू, मंजूर झालं. दोन गतिरोधक आणि वळणावर मोठी पाटी. खरं तर हे तुमचंच आहे हो, मी फक्त शेवटचा धक्का दिला." हिनं तिला बसायला सांगितलं, चहा केला, साखर जरा कमी घातली. शेवटचा धक्का! सहा वर्षं दगड लोटत डोंगरावर न्यावा आणि कुणीतरी वरून हात पुढे करून म्हणावं, आण, मी ठेवते. तिचं बोलणं मनापासूनचं होतं, हे तर जास्तच लागलं. खोटं असतं तर निदान तोंडभर तिरस्कार तरी करता आला असता.

दुसऱ्या दिवशी दिव्याच्या खांबावर सूचना लागली. सदर ठिकाणी गतिरोधक प्रस्तावित आहेत, कुणाची हरकत असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावी. ती सूचना तिनं जाता येता वाचली. पहिल्या दिवशी त्यात चूक शोधली, सापडली नाही. पाचव्या दिवशी 'हरकत' हा शब्द तिला इतरांपेक्षा ठळक दिसायला लागला. अकराव्या दिवशी प्रुफं पोचवायला ती छापखान्यात गेली असताना जेवणाच्या सुट्टीत तिथला संगणक रिकामा होता. हात आपले आपण चालले. गतिरोधकांमुळे होणारा आवाज, रुग्णवाहिकांना होणारा विलंब, वृद्धांच्या मणक्यांना बसणारे हादरे. तिला माहीत होतं की यांतला प्रत्येक मुद्दा सहा वर्षांत तिनंच खोडून काढला होता. खाली तिनं 'एक रहिवासी' असं लिहिलं. पाकीट टपालपेटीत पडताना झालेला हलका आवाज तिनं ऐकला आणि तिला वाटलं, आता बरं वाटेल. घरी येईपर्यंत तिनं वाट पाहिली. वाटलं नाही. त्या रात्री उतारावरून गाड्या जात राहिल्या. तिला उगीचच मोजायची सवय होती, एक, दोन, तीन, चार, आणि प्रत्येक चारच्या पुढच्या शांततेत पाळणाघराची मुलं रस्ता ओलांडताना तिला दिसायला लागली. सकाळी उठून पत्र परत मागवावं असं तिनं ठरवलं. पण निनावी पत्र परत कोण मागणार?

सुनावणी दुपारी तीनला होती. पालिकेच्या त्या लांबट खोलीत पंखा फिरत होता आणि मागच्या भिंतीशी काढून टाकलेल्या पाट्या रचून ठेवल्या होत्या. कुठे नुसता बाण, कुठे अर्धा आकडा. शिंपी आले होते, पाळणाघराची बाई एका बाळाला कडेवर घेऊनच आली होती, समोरची पुढच्या खुर्चीत, आणि तिच्या नि हिच्या मधे नवरा. अभियंत्यानं सांगितलं की एकच हरकत आली आहे, निनावी आहे, पण आली म्हटल्यावर वाचावी लागते. कुणी तिची जबाबदारी घेतली तर नियमाप्रमाणे पुन्हा मोजणी, म्हणजे दोन महिने पुढे. मग तो वाचू लागला. तो चांगलं वाचत होता. अर्धविरामापाशी थांबत होता, 'तथापि' नंतर नेमका श्वास घेत होता. आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं होत असतानाच मनाच्या एका कोपऱ्यात सुख झालं. इतक्या वर्षांत तिची ओळ कुणी मोठ्यानं वाचली नव्हती. वाचून संपल्यावर अभियंत्यानं चष्मा पुसला. त्याच्या टेबलावर तिची जाडजूड फाइल होतीच.

"भाषा ओळखीची वाटते," तो हळूच म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता, कीव होती. पाळणाघराच्या बाईनं खोलीभर नजर फिरवली. समोरचीनं मान वळवली. तिची नजर नवऱ्यावरून निघून हिच्यापर्यंत पोचायच्या बेतात होती.

काठी टेकवून नवरा उभा राहिला.

"माझं आहे ते," तो म्हणाला. "आवाजाचा त्रास होईल असं वाटलं होतं. मागे घेतो."

 समोरची नुसती बघत राहिली. तिचं तोंड लहान मुलासारखं झालं होतं, हातातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं. "काका, तुम्ही?" एवढंच ती म्हणाली. तो म्हणाला, म्हातारपण, दुसरं काय. अभियंत्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि फायलीची नाडी बांधून टाकली. हरकत मागे घेतल्याची नोंद झाली, प्रस्ताव कायम झाला, आणि नवऱ्यानं एका कागदावर सही केली. 'तथापि' हा शब्द आयुष्यात एकदाही न वापरलेल्या माणसाची सही.

परत येताना ते चालतच निघाले.  उन्हं उतरत आली होती. रस्त्याच्या कडेला सावलीचा एक पट्टा होता आणि दोघंही न ठरवता त्यातून चालत होते. तुम्हाला कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही. त्यानंही का लिहिलंस ते विचारलं नाही. उद्यापासून तो समोर कोणत्या तोंडानं जाणार, हा विचार तिला आला आणि त्यातलं सुख तिनं घाईघाईनं दूर सारलं. वळणापाशी आल्यावर तो थांबला. दम घ्यायला असेल, असं तिला वाटलं. आणि तिथे उभं असताना, सहा वर्षांत पहिल्यांदाच, तिनं विचारलं.

"त्या दिवशी काय झालं होतं?"

त्यानं उताराकडे पाहिलं. "गाडी हळू होती," तो म्हणाला.

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. पण तो सांगत गेला, लांब वाक्यांत, जशी ती पलीकडच्या खिडकीतून ऐकायची तशा. आदल्या आठवड्यात वहिनी गेली होती आणि त्यानं दादाला पत्र लिहिलं होतं. नीट लिहिता येत नव्हतं तरी दोन रात्री जागून लिहिलं होतं. ते टेबलावर होतं, आणि सकाळी बघितलं तर तिनं त्यावर खुणा करून ठेवल्या होत्या. अकरा ठिकाणी. 'वहिनी माझी आईच होती' याखाली रेघ मारून समासात लिहिलं होतं, 'वाक्य अपुरे वाटते'. तो पत्र घेऊन बाहेर पडला आणि चालता चालता तेच वाक्य बघत राहिला, की यात अपुरं काय आहे. रस्ता कधी आला ते कळलं नाही. गाडीवाल्यानं भोंगाही वाजवला होता. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. पत्र तिथंच कुठेतरी उडालं, ते पुन्हा लिहिलं गेलं नाही.

"मग इतकी वर्षं मला लिहू कसं दिलंत?"

"तू भरधाव म्हणालीस. मी म्हटलं, म्हणू दे. लिहिताना तू माझ्या पलंगाशी बसायचीस." तो थोडा हसला. "आणि बाकीच्या गाड्या जोरात जातातच की. माझी तेवढी हळू होती."

ते पत्र तिला आठवलं. ते आठवलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. समासातली ती ओळसुद्धा तिला तिच्या वळणासकट दिसली. पायाखालचा रस्ता, समोरचा खांब, त्यावर फडफडणारी सूचना, सगळं जागच्या जागी होतं, फक्त एक्केचाळीस पत्रांतलं पहिलं वाक्य गळून पडलं होतं. तिनं त्याचा दंड धरला. काहीतरी बोलायला हवं होतं. माफीचा शब्द हवा होता, तो तिला येत होता, शुद्ध येत होता. पण त्याच्या आधी तिच्या तोंडून दुसरंच निघालं.

"हे तिला सांगितलंत?"

"नाही," तो म्हणाला. "हे कुणालाच नाही."

आणि या माणसाला आपणच त्या गाडीखाली ढकललं हे कळलेल्या त्या क्षणी, भर रस्त्यात, त्याचा दंड घट्ट धरून उभी असताना तिला जे पहिल्यांदा वाटलं ते दुःख नव्हतं. समोरचीला हे ठाऊक नाही, याचा तिला आनंद झाला. इतका स्वच्छ, इतका पुरेपूर आनंद, की तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून तिला मान खाली घालावी लागली. रडतेस काय, तो म्हणाला, चल. ती त्याच्याबरोबर चालू लागली.